प्रेमाची चुंबळ

प्रेमा गेली मंगळवारी. कापीला ते कळलं तेराव्या दिवशी.

माणसांना लगेच कळलं होतं. हॉस्पिटलमधून मुलाचा, हर्षचा फोन आला तेव्हा प्रेमाचा नवरा रघुजी शेपूच्या वाफ्यात उकिडवा बसला होता, आणि फोन खिशात टाकल्यावरही थोडा वेळ तो तण उपटतच राहिला. कापीला मात्र एवढंच ठाऊक होतं, की प्रेमा ऑटोत बसून गेली. जी ऑटोतून गेली ती ऑटोतूनच परत येणार. म्हणून बारा दिवस तो फाटकाशी बसून होता. रस्त्यावर ऑटो वाजली की उठायचा, ऑटो पुढे गेली की बसायचा. खायला दिलं तर फाटकाकडे तोंड करून खायचा.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि सून क्षमा पदर खोचून कामाला लागली. प्रेमाच्या साड्या, झंपर, शाल, चादर, उशीचे अभ्रे, सगळं तिनं साबणात बुडवलं, दगडावर आपटलं आणि दोरीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ते कुणाला तरी द्यायचं होतं. धुण्यात दोन वाफ्यांचं पाणी गेलं. रघुजीला ते दिसलं.

कापी फाटकावरून उठून आला. त्यानं पहिल्या साडीला नाक लावलं, मग दुसरीला. दोरीच्या टोकापर्यंत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सगळ्याला साबणाचाच वास. ओल्या साड्यांचं पाणी त्याच्या पाठीवर ठिबकत होतं. तो भुंकला नाही, विव्हळला नाही. वळला आणि पडवीत गेला. तिथं प्रेमाची पाटी पालथी ठेवली होती आणि पाटीवर चुंबळ होती. डोक्यावर पाटी घेताना खाली ठेवायची ती कापडाची वेटोळी. प्रेमानं आपल्याच एका जुन्या हिरव्या साडीची ती वळली होती. क्षमाचा हात तिकडे जाण्याआधी कापीनं चुंबळ तोंडात धरली आणि तो मोटरखोलीमागं पळाला.

"अय्यो, अप्पा! तेवढी एक धुवायची राहिली," क्षमा म्हणाली.

"राहू दे," रघुजी म्हणाला.

त्यानंतर कापी फाटकाशी बसला नाही. ऑटो येत-जात राहिल्या. त्यानं मान उचलली नाही.

संध्याकाळी हर्ष बापाजवळ येऊन बसला. हर्ष बंगळूरच्या कोरमंगलात भाड्यानं राहायचा, दोन खोल्यांत. घरोघर सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तो सुपरवायझर होता. मुलगा वाईट नव्हता. हॉस्पिटलात तोच आईचे पाय चेपत बसला होता.

"अप्पा, तुम्ही आता इथं एकटे नको. आमच्याकडे चला."

"आणि हे?" रघुजीनं वाफ्यांकडे हात केला.

"हे काय आपलं आहे? गिरीराजचं आहे. तो मागतोच आहे परत. त्याला गाड्या लावायला जागा पाहिजे. बोअर अर्ध्या तासात कोरडी पडते. कशासाठी राहायचं?"

"कापी?"

हर्ष म्हणाला, "आमच्या ओनरला कुत्रं चालत नाही. मी विचारलं, खरंच विचारलं. मानसिंगकाका ठेवून घेतील."

मानसिंग हा रघुजीचा चुलतभाऊ, तीन फर्लांगांवर राहणारा. त्यानं आजवर मांजरसुद्धा पाळलं नव्हतं.

गिरीराज दुसऱ्याच दिवशी येऊन गेला. माणूस मऊ बोलायचा. प्रेमक्काच्या फोटोला हात जोडले, कॉफी घेतली आणि उठताना म्हणाला, "घाई नाही, रघुअण्णा. स्वल्प विचार कर. उगादीच्या पाडव्यापर्यंत सांग. जमीन कसतोस तोवर तुझी. पण नुसती पडून असेल तर मग माझी मला दे."

यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षं असंच चाललं होतं. के. आर. पुरमच्या पलीकडे, तळ्याच्या कडेला हा सव्वा एकराचा तुकडा. चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि मध्ये हा हिरवा राहिला. शेपू, मेथी, माठ, कोथिंबीर. रघुजीनं पिकवायचं आणि प्रेमानं विकायचं. जास्त निघालं तर मंडईची गाडी फाटकाशी थांबून घेऊन जायची, उरलेलं प्रेमाच्या पाटीत जायचं. या वर्षी बोअरनं दगा दिला. पहाटे अर्धा तास पाणी, नंतर नुसता गुरगुराट. सोळा वाफ्यांतले सहाच वाफे रघुजीनं जिवंत ठेवले होते, तेही कळशीनं, ओंजळीओंजळीनं. सहा वाफ्यांच्या जुड्यांसाठी मंडईची गाडी थांबत नव्हती. ड्रायव्हर हात हलवायचा आणि निघून जायचा.

म्हणजे राहिली प्रेमाची फेरी. पण ती कुठं जायची हे रघुजीला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळते, एवढं त्यानं पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं सायकलच्या मागं प्लास्टिकचा क्रेट बांधला. पाटी डोक्यावर घेणं हे त्यांच्यात, इथं पूर्वापार वसलेल्या मराठ्यांत, बायकांचं काम. त्यानं कापीला हाक मारली. कापी मोटरखोलीमागून आला, सायकलकडे पाहिलं आणि परत गेला.

रघुजी डावीकडे वळला. "सोप्पू!" म्हणून ओरडायचं, हे त्याला माहीत होतं. पालेभाजी विकणारे सगळे असंच ओरडतात. पण तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आयुष्यभर त्यानं बैलाला, मोटरला आणि बायकोला सोडून कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. एका इमारतीच्या दारवानानं त्याला फाटकाबाहेर काढलं. एका बाईनं जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "नको, आमची एक प्रेमक्का आहे, ती येईल." रघुजी "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि पुढे गेला. चार जुड्या गेल्या. बाकीच्या दुपारच्या उन्हात सुकल्या. त्या त्यानं खतात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं प्रेमाची पाटी काढली. जुड्या उभ्या रचल्या, वर ओलं गोणपाट टाकलं. डोक्यावर टॉवेलची गुंडाळी ठेवून पाटी उचलली. टॉवेल घसरला, पाटी कलली आणि निम्म्या जुड्या मातीत पडल्या. मानसिंग नेमका तेव्हाच मोटारसायकलवरून चालला होता. तो थांबला.

"अरे रघुजी! आपले पूर्वज घोड्यावर बसून आले या मुलखात, आणि तू डोक्यावर सोप्पू घेऊन चाललास?"

"घोडा आणून दे. त्याच्यावरून जातो."

मानसिंग हसला. उतरून त्यानं जुड्या गोळा करायला मदत केली. "चुंबळ कुठंय वहिनीची? टॉवेलनं होत नाही ते. चुंबळीला सवय लागते डोक्याची."

चुंबळ कुठं होती ते रघुजीला माहीत होतं. मोटरखोलीमागं, हादग्याच्या झाडाखाली कापीनं उकरून खळगा केला होता. त्यात चुंबळ आणि तिच्यावर हनुवटी टेकून कापी. आठ वर्षांपूर्वी गटारात सापडलेलं पिल्लू. दूध जास्त झालेल्या कापीच्या, म्हणजे कॉफीच्या रंगाचं, म्हणून प्रेमानं तेच नाव ठेवलं. रघुजीनं तेव्हा कुरकुर केली होती, आपल्यालाच पुरत नाही म्हणून. त्याचा स्वतःचा असा कापीशी व्यवहार कधी नव्हता. कापी प्रेमाचा. तिच्याबरोबर सकाळी जायचा, तिच्याबरोबर यायचा.

रघुजी त्याच्यासमोर बसला. गुडघे कडाडले.

"दे की रे," तो म्हणाला. "विकत नाही. डोक्यावर ठेवतो फक्त. परत देतो."

कापीनं वर पाहिलं.

"मला वाट माहीत नाही, कापी."

तो किती वेळ बसला कोण जाणे. ऊन खांद्यावरून पाठीवर आलं. शेवटी कापीनं हनुवटी बाजूला घेतली. रघुजीनं चुंबळ उचलली. खोबरेल तेल, शेपू, घाम आणि आता कुत्र्याची लाळ. त्यानं ती नाकाशी धरली आणि काही वेळ तशीच धरून राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाटी चढवली. पाटी हलली नाही. कापी उठला, अंग झाडलं आणि फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळला. पन्नास पावलांवर जाऊन त्यानं मागं वळून पाहिलं.

तो पुढे, रघुजी मागं. कापी ज्या फाटकाशी बसायचा तिथं रघुजी थांबायचा. ओरडायची गरजच पडली नाही. कुत्रं दिसलं की माणसं बाहेर यायची.

पहिलं फाटक पुण्याहून आलेल्या आश्लेषाचं. नवरा सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. ती केस बांधत बाहेर आली. "कापी! अरे, कुठे होतात तुम्ही दोघं? आय वॉज सो वरीड, दोन आठवडे..." मग तिनं पाटीखालचं तोंड पाहिलं.

"मी रघुजी. प्रेमाचा... ती गेली बाई. शिवरात्रीच्या आधी."

आश्लेषा पायरीवर बसली. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "काका, मी इथे नवीन आले ना, तेव्हा अख्ख्या दिवसात माझ्याशी मराठीत फक्त काकूच बोलायच्या. मला भाजी नको असली तरी मी घ्यायचे." ती आत गेली आणि एका वाडग्यात दूध घेऊन आली. वाडग्याच्या कडेला नेलपॉलिशनं 'कापी' असं लिहिलं होतं. रघुजीनं ते दोनदा वाचलं.

सहावं फाटक भीमाचार्यांचं. सोवळ्यातले म्हातारे गृहस्थ, अंगावर पंचा. कापी फाटकापासून चार हात लांबच बसला. त्याला तिथली रीत ठाऊक होती. आचार्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि मग कानडीतून विचारलं, "अगसे आणलीस?"

अगसे म्हणजे हादग्याचा पाला. रघुजीनं मान हलवली. "मेथी आहे. माठ आहे."

"उद्या द्वादशी. एकादशीचा उपास द्वादशीला हादग्याच्या भाजीनं सोडायचा असतो आमच्यात. अकरा वर्षं तुझ्या बायकोनं एक द्वादशी चुकवली नाही. मागच्या वेळी आली नाही, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी झालं."

मोटरखोलीमागचं ते झाड प्रेमानं का लावलं, त्याच्या फुलांची भजी करण्यापलीकडे त्याचा उपयोग काय, हे रघुजीनं कधी विचारलं नव्हतं. गेल्या महिन्यात पाणी वाचवायला ते तोडू या, असंही तो म्हणाला होता. प्रेमा नको एवढंच म्हणाली होती.

"उद्या आणतो," तो म्हणाला. "उजाडायच्या आत."

आचार्यांनी कुंपणाच्या भिंतीवर केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताचा गोळा ठेवला. "मी कुत्र्याला शिवत नाही," ते म्हणाले, "पण याचा भात चुकवत नाही."

इथवर पाटी निम्मी रिकामी झाली होती. रघुजीची मान अवघडली होती, पण मन हलकं होतं. पुढे रेल्वेच्या पुलाकडे जाणारा चढ होता, आणि तिथं कापी बिघडला.

दोन दिव्यांचे खांब ओलांडले की तो बसायचा. तिथं ना फाटक, ना घर. रघुजी म्हणायचा, "चल की रे!" कापी उठायचा नाही. मागं वळून त्याच्याकडे बघत राहायचा, मग आपल्या मनानं उठायचा. पुन्हा दोन खांब, पुन्हा बैठक. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. "म्हातारा झालास काय?" रघुजीनं त्याला पायानं ढोसलं. कापीनं अंग चोरलं, पण तो हलला नाही.

चढ संपल्यावर होंग्याच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. शेजारी हरीची इस्त्रीची गाडी. कापी दगडापाशी गेला आणि चांगला अंग पसरून झोपला. रघुजीला अजून दोन गल्ल्या दिसत होत्या. त्यानं हाक मारली, चुचकारलं, शिवी दिली. अर्धा तास गेला. मग कापी उठला आणि जणू काही झालंच नाही असा पुढे चालू लागला.

असे पाच दिवस गेले. जुड्या रोज संपत होत्या. पण त्या चढावर रोज तेच. सहाव्या दिवशी रघुजीचा संयम संपला. दगडापाशी त्यानं कापीच्या मानेची कातडी धरली आणि ओढलं.

"अण्णा, अण्णा! ओढू नका त्याला," हरी इस्त्री उभी ठेवून म्हणाला. "त्याची चूक नाही. त्याला एवढाच वेळ थांबायचं माहीत आहे."

"म्हणजे?"

"प्रेमक्का इथंच बसायची. तुम्हाला माहीत नाही?"

रघुजीनं हात सोडला.

हरीनं निखाऱ्यांवर फुंकर मारली. बोलावं की नाही असं त्याला झालं असावं. "आधी पाच मिनिटं बसायची. पाणी प्यायची, दोन गोष्टी बोलायची, उठायची. दसऱ्यापासून दम लागायला लागला. चढ एका दमात होईना. दोन खांब चालायची, पाटी कठड्यावर टेकवायची, छातीला हात लावून उभी राहायची. हा समोर बसायचा, तिच्या तोंडाकडे बघत. ती निघाली की हा निघायचा. इथं आली की अर्धा तास पडायची दगडावर. ओठ निळे व्हायचे. मी किती वेळा म्हटलं, अक्का, घरी सांग. अण्णाला सांग."

"मग?"

"म्हणायची, घरात एकाला माहीत आहे, तेवढं पुरे." हरीनं कापीकडे बोट केलं. "याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची."

रघुजी दगडावर बसला. पाटी त्यानं खाली ठेवली, तेव्हा चुंबळ डोक्यावरच राहिली. दसऱ्यापासून प्रेमा रोज उशिरा यायची. तो वाफ्यातूनच ओरडायचा, "झाल्या का गप्पा गावभरच्या?" ती म्हणायची, "होय की, झाल्या." आणि मागं उभा असलेला कापी त्याच्याकडे बघत राहायचा. त्या नजरेचं त्याला नेहमी हसू यायचं. आता आलं नाही.

दोन माणसं एका घरात एकतीस वर्षं राहिली. तो मातीकडे बघत राहिला. पान पिवळं पडलं तर त्याला लांबून कळायचं, कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडलं ते. आणि ओठ निळे पडले ते दिसले एका कुत्र्याला. कुत्र्याला बोलता आलं नाही. पण जे करता येत होतं ते त्यानं केलं. तो थांबला. दर दोन खांबांना थांबला. आणि आता ती नाही, तरी तिच्या मापानं थांबतो आहे.

रघुजी रडला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, डोक्यावर बाईची चुंबळ घेऊन. हरी पाठ फिरवून शर्टाची कॉलर इस्त्री करत राहिला, एकच कॉलर, पुन्हा पुन्हा. पण त्या रडण्यात नुसतं दुःख नव्हतं. आपण तिच्याजवळ नव्हतो, हे जितकं खरं, तितकंच ती एकटी नव्हती हेही खरं होतं. कुणीतरी होतं. त्याला कापीच्या पायांना हात लावावासा वाटला. मग वाटला तसा त्यानं लावला. कापीनं पाय मागं घेतला आणि त्याचा हात चाटला. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

"चुकलो रे बाबा," रघुजी म्हणाला. "बस. किती बसायचं तितकं बस."

रविवारी हर्ष आणि क्षमा आले. हर्षनं बापाच्या मानेवर उठलेला चट्टा पाहिला, पडवीतली ओली पाटी पाहिली.

"अप्पा, लोक काय म्हणतील? मुलगा असताना बाप दारोदार..."

"बस इथं," रघुजी म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. दगड, खांब, निळे ओठ. हर्ष ऐकता ऐकता खाली बघायला लागला. मग उठून मोटरखोलीमागं गेला. बराच वेळ आला नाही. क्षमा बघायला गेली, तर तो हादग्याखाली कापीजवळ मातीत बसला होता, ऑफिसच्या पँटीसह.

"आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता," परत येऊन तो एवढंच म्हणाला.

"हो."

"तुम्ही इथंच राहणार."

"याची फेरी आहे सकाळी. मी फक्त पाटी घेतो." रघुजी स्वतःच हसला. "पाणी आहे तोवर आहे. पाऊस आला तर आणखी दोन वाफे ओले करू. नाही आला तर तेव्हा बघू."

"मी महिन्यातून चार रविवार येतो. कळश्या मी ओढतो."

"ये की. क्षमालाही आण. धुणं मात्र घरी धुऊन आण तुमचं. इथलं पाणी शेपूला लागतं."

क्षमा लाजली, मग हसली. इतक्या दिवसांत त्या घरात तिचं ते पहिलं हसू.

गिरीराजला रघुजीनं निरोप धाडला, जमीन पडून नाही. गिरीराजनं उत्तरात "सरी" एवढंच कळवलं. उगादीला त्यानं बेवु-बेल्ला पाठवलं, कडुलिंब आणि गूळ. त्यातला गूळ कापीनं खाल्ला.

आता चढ लागला की कापीच्या आधी रघुजीच थांबतो. दोन खांब, मग थांबा. त्याला दम लागत नाही. तरी तो पाटी कठड्यावर टेकवतो आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्या बघतो. मागून कुणी हॉर्न मारला तर मारू देतो. दगडावर अर्धा तास बसतो. बसल्यावर चुंबळ काढून दोघांच्या मध्ये ठेवतो, कारण परत देतो असं त्यानं कापीला सांगितलं होतं. द्वादशीच्या पहाटे हादग्याचा पाला पोचतो.

परवा क्षमा पुन्हा म्हणाली, "अप्पा, वास येतो चुंबळीला. मी घरून धुऊन आणते, उद्याच देते."

रघुजीनं कापीकडे पाहिलं. कापी हनुवटी टेकून पडला होता.

"बघू," तो म्हणाला.

घरातलं सगळं आता जागच्या जागी लागलं आहे. चुंबळ तेवढी धुवायची राहिली आहे.